सेंट पॉलच्या ह्मोंग मार्केटमधला एक स्टॉल आणि त्याची केटरिंग सर्व्हिस : दोन मोठ्या ऑर्डरींनंतर लिहितेय

मिनेसोटात राहणाऱ्या आपल्या बऱ्याच लोकांनी ह्मोंग मार्केट (ह्मोंग म्हणजे लाओसमधून इथे आलेला एक समाज) बाहेरून बघितलेलं असतं, आत गेलेले फार कमी. मीही चार वर्षं बाहेरूनच बघत होते. आता गेल्या वर्षभरात एका स्टॉलवर इतक्या वेळा खाल्लंय आणि दोनदा मोठी केटरिंगची ऑर्डर दिलीये की लिहिलंच पाहिजे असं वाटलं. जेवणाबद्दल लिहिणारच आहे पण हा रिव्ह्यू जेवणाच्या जरा पलीकडे जाणारे, कारण ही सर्व्हिस कोण वापरतं आणि का वापरतं ते कळल्याशिवाय तिची किंमत कळत नाही.

स्टॉलचं नाव लिहीत नाहीये. मालकीणबाईंनी आणि माझ्या बॉसने घरातल्या गोष्टी विश्वासाने सांगितल्यात आणि इथली ह्मोंग कम्युनिटी अशी आहे की एका नावावरून दहा घरांचा पत्ता लागतो. सेंट पॉलमध्ये दोन मोठी इनडोअर मार्केट आहेत, कोमो अॅव्हेन्यूवरचं ह्मोंगटाऊन मार्केटप्लेस २००४ पासूनचं आणि जॉन्सन पार्कवेवरचं ह्मोंग व्हिलेज २०१० पासूनचं. दोन्हीकडे भाजी, कपडे, औषधी मुळ्या आणि जेवणाचे भरपूर स्टॉल आहेत, त्यामुळे मी जे काय मागवायचं, काय विचारायचं लिहितेय ते कुठेही गेलात तरी उपयोगी पडेल.

आता सुरुवात कशी झाली ते. माझी बॉस ह्मोंग आहे, सेंट पॉलमध्येच जन्मलेली, पस्तिशीची. गेल्या वर्षी ती डायरेक्टर झाली, साठ माणसं तिच्या हाताखाली. तिच्या आईने ठरवलं की लेकीसाठी हू प्ली करायचं, म्हणजे आत्म्याला घरी बोलवायचा विधी. आजारपणानंतर, घाबरल्यावर, बाळ झाल्यावर, आयुष्यात मोठा बदल झाल्यावर माणसाचा आत्मा कुठेतरी मागे राहून जाऊ शकतो असं मानतात, म्हणून घराच्या दारात उभं राहून जाणता माणूस त्याला हाक मारतो, सोबत कोंबडी, अंडं, तांदूळ, उदबत्ती. मग सगळे पाहुणे त्या व्यक्तीच्या मनगटाला पांढरा दोरा बांधतात आणि बांधताना आशीर्वाद बोलतात, त्याला खी ते म्हणतात. मलाही बांधायला लावला. मी मराठीत बोलले, सुखी राहा, तब्येत सांभाळ, तिच्या आईला एक अक्षर कळलं नाही पण त्यांनी माझा हात धरून ठेवला. सोमवारी ती बजेटच्या मीटिंगला दोन्ही मनगटांवर दोऱ्यांचे जुडगे घेऊन आली, कारण ते लगेच काढायचे नसतात. कोणीतरी विचारलं, हे काय, तिने एका वाक्यात सांगितलं आणि पुढची स्लाईड लावली. मला तेव्हा तिचा फार अभिमान वाटला.

तर त्या शनिवारी घरात साधारण ऐंशी माणसं होती. विधीची कोंबडी घरीच शिजवायची असते, ती शिजल्यावर तिचे पाय, कवटी, जीभ बघून शकुन वाचतात, त्यामुळे ते काम बाहेर देता येत नाही. पण बाकीचं जेवण, म्हणजे जांभळा चिकट भात, सॉसेज, एगरोल, कच्च्या पपईचं सॅलड, मोठमोठ्या अॅल्युमिनियमच्या ट्रेमधून या स्टॉलवरून आलं होतं. ट्रे आत येताना एक वयस्कर बाई काहीतरी बोलल्या आणि स्वयंपाकघरात एकदम शांतता. नंतर बॉसने मला सांगितलं त्या काय म्हणाल्या. विकतचं जेवण? या घरात न्या नाहीत का?

न्या म्हणजे सून. रोमन लिपीत लिहितात तेव्हा शेवटी एक बी असतो तो वाचायचा नसतो, तो नुसता सूर दाखवतो. पण हा शब्द नात्यापुरता नाहीये, त्यात अख्खी कामाची यादी आहे. पहाटे सगळ्यांच्या आधी उठणं, नवऱ्याच्या कुळातल्या प्रत्येक लग्नाला, मयताला, पूजेला स्वयंपाकघरात हजर असणं, पुरुषांची पंगत आधी बसवणं, पाहुण्यांसमोर कमी बोलणं. अमेरिकेतल्या ह्मोंग लोकांची साधारण अठरा कुळं मोजतात, एका कुळात लग्न करायचं नाही, आणि मुलगी लग्न होऊन गेली की तिचा आत्मा नवऱ्याच्या घराण्याचा झाला असं धरतात. आडनाव मात्र स्वतःच्याच कुळाचं राहतं! आपल्याकडे तांदळात नवीन नाव लिहितात, यांच्याकडे कागदावर नाव तेच राहतं पण सासरची माणसं नवऱ्याच्या नावाने हाक मारतात, अमक्याची बायको म्हणून. माझ्या बॉसचं नाव ऑफिसच्या दारावर आहे, लिंक्डइनवर आहे, आणि सासरच्या कार्यक्रमात गेल्या अकरा वर्षांत कोणी तिला त्या नावाने हाक मारली नाही, हे तिने मला गाडीत सांगितलं.

अजून एक गोष्ट ऐकून मी गप्प झाले. आपल्याकडे पहिलं बाळंतपण माहेरी. यांच्याकडे जुन्या रीतीप्रमाणे लग्न झालेल्या मुलीने माहेरच्या घरात बाळंत व्हायचंच नाही, कारण ती आता दुसऱ्या घराच्या देवापितरांची. परक्याचं धन हा आपला शब्द मी तिला समजावून सांगितला तर म्हणाली, आमच्याकडेही मुलींबद्दल असंच बोलतात, दुसऱ्यांची म्हणून.

हे सगळं रिव्ह्यूमध्ये का सांगतेय तर तो ट्रे. तो ट्रे म्हणजे तिच्यासाठी शनिवारचे दहा तास. शुक्रवारी संध्याकाळी सात वाजेपर्यंत ती ऑफिसमध्ये होती, कारण आमच्या दोन टीम एकत्र होत होत्या आणि कोणाला काढायचं नाही यासाठी ती भांडत होती (आणि तिने कोणालाच काढू दिलं नाही, मी त्यातली एक). घरी जाऊन रात्रभर ऐंशी जणांचे एगरोल वळणं तिला शक्य नव्हतं. तिच्या आईच्या पिढीत असं कोणी म्हटलं असतं का, की शक्य नाही? तिची आई बान विनाईच्या कॅम्पमधून आलेली, थायलंडमध्ये होता तो, लाओसमधून १९७५ नंतर पळालेले ह्मोंग लोक तिथे वर्षानुवर्षं राहिले. सीआयएने लाओसमध्ये ह्मोंग लोकांना लढायला लावलं, अमेरिका निघून गेली आणि हे मागे राहिले, मेकाँग पोहून पार करताना कित्येक गेले. असं झाल्यावर जे हातात उरतं ते म्हणजे कुळ, रीत, एकमेकांच्या मयताला उभं राहणं. त्यामुळे ती वयस्कर बाई खवचट होती असं मी म्हणणार नाही. तिला खरंच भीती वाटली असेल की हेही गेलं तर काय राहिलं.

मयताचं वेगळं सांगायला हवं, कारण या स्टॉलचा निम्मा धंदा त्यावर आहे. ह्मोंग अंत्यविधी तीन-चार दिवस चालतो, बहुतेक शुक्रवारी सुरू होऊन सोमवारी दफन, दिवसरात्र केंग वाजत असतं, बांबूच्या नळ्यांचं वाद्य आहे, सोबत ढोल, आणि येणाऱ्या प्रत्येकाला जेवण. स्वयंपाकाचं बरंचसं काम घरातल्या बायका करतात आणि त्यात सुना पहिल्या. गेल्या हिवाळ्यात बॉसच्या नवऱ्याचे चुलत काका गेले. आमच्या ऑफिसच्या पॉलिसीत दुःखाची सुट्टी तीन दिवस, आणि तीही आईवडील, नवरा, मुलं, सख्खी भावंडं यांच्यासाठी, चुलत काका त्या यादीत येतच नाहीत. तिच्यासाठी मात्र ते चार दिवस टाळणं म्हणजे नवऱ्याच्या अख्ख्या कुळासमोर नवऱ्याची मान खाली घालणं. सोमवारी तिचं बोर्डासमोर प्रेझेंटेशन होतं. तिने शनिवार-रविवार फ्यूनरल होमच्या किचनमध्ये काढला, सोमवारी पहाटे साडेचारला डुकराचं मटण आणि पालेभाजी उकळून ठेवली, नऊला बोर्डासमोर उभी राहिली, साडेअकराला दफनाला पोचली. प्रेझेंटेशन उत्तम झालं, मी तिथे होते. त्यानंतरच्या आठवड्यात एका मोठ्या साहेबांनी तिला फीडबॅक दिला की तू मीटिंगमध्ये जरा जास्त बोललं पाहिजेस, जागा घेतली पाहिजेस. आणि त्याच आठवड्यात सासरहून निरोप आला की न्या हल्ली लवकर निघून जाते. दोन्ही वाक्यं तिने मला एकाच दिवशी सांगितली, पपईचं सॅलड खाताना, याच स्टॉलवर.

आता मालकीणबाई. माझी बॉस त्यांना फाउ म्हणते, म्हणजे आत्या, कारण दोघींचं कुळ एक. रक्ताचं नातं काहीच नाही, पहिल्यांदा भेटल्या त्या याच काउंटरवर, पण कुळ एक म्हटल्यावर आत्याच. मीही आता आत्या म्हणते, मराठीतच, त्यांना आवडतं. त्या २००४ मध्ये आल्या, थायलंडमधल्या वाट थाम क्राबोक नावाच्या बौद्ध मठातून, तिथे राहिलेल्या ह्मोंग लोकांना अमेरिकेने त्या सुमारास घ्यायला सुरुवात केली, साधारण १५ हजार माणसं आली त्या वेळी. आत्या तेव्हा बावीस वर्षांच्या, दोन मुलं, इंग्रजी शून्य. त्यांनी मला सांगितलं की अमेरिकेत त्यांना येत असलेलं एकच काम होतं, दोनशे माणसांचा स्वयंपाक. सून म्हणून पंधराव्या वर्षापासून तेच केलेलं. कुठल्या भांड्यात किती तांदूळ, किती पाणी, दोनशे माणसांना किती डुक्कर लागतं, सगळं डोक्यात, कागद नाही. आज त्यांच्याकडे नऊ बायका कामाला आहेत, पगारावर, आणि एक भाचा जो ट्रे पोचवतो.

मी त्यांना विचारलं की तुम्ही स्वतःच्या सासरच्या मयतात काय करता. तर म्हणाल्या, जाते आणि उभी राहते, पण आता माझ्यासोबत माझ्या चार बायका येतात आणि त्यांचे पैसे दीर देतात. आधी दिरांना राग आला होता. मग त्यांच्या लक्षात आलं की त्यांच्या स्वतःच्या मुली नर्स आहेत, एक वकील आहे, त्यांनाही उद्या हेच करायला लागणार. आत्या हे सांगताना पपई कुटत होत्या, खलबत्त्याचा आवाज थांबला नाही. मी इतक्या लीडरशिपच्या वर्कशॉपला बसलेय, कंपनीने पाठवलेल्या, पण कामाची वाटणी बदलताना घरातली माणसं न तोडता कशी बदलायची हे मला एवढं स्वच्छ कोणी सांगितलेलं नाही.

एक प्रश्न मात्र मला सुटलेला नाही आणि तो मी बॉसशीही बोलले. काम तेच आहे, हात बायकांचेच आहेत. एका बाईचं ओझं उतरलं आणि नऊ बायकांच्या अंगावर गेलं, त्या पहाटे तीनला उठतात. बॉस म्हणाली हो, पण त्यांना त्याचे पैसे मिळतात, आणि आईला कधीच मिळाले नाहीत. हे खरंय. तरी पुरुष कुठे आहेत या प्रश्नाचं उत्तर अजून ट्रे उचलण्यापलीकडे फारसं गेलेलं नाही असं माझं मत. तिच्या नवऱ्याबद्दल मात्र लिहायला हवं, आता ऑर्डर तो देतो, फोन तो करतो, आणि घरात कोणी विचारलं तर मी ठरवलंय असं सांगतो. हे त्याने स्वतःहून केलं. ऐकायला लहान वाटेल पण बोलणी खाणारं माणूस बदललं की घरातलं पुष्कळ बदलतं.

काउंटरवर आणि आजूबाजूच्या टेबलांवर गेल्या नोव्हेंबरपासून एकच विषय, सेंट पॉलची महापौर. २०२५ च्या निवडणुकीत काओली हर जिंकल्या, शहराच्या पहिल्या महिला महापौर आणि पहिल्या ह्मोंग महापौर, दोन्ही. बाहेरच्यांना हे अचानक वाटतं पण इथल्या बायका क्रम पाठ असल्यासारखा सांगतात, १९९१ मध्ये चुआ ली सेंट पॉलच्या स्कूल बोर्डावर निवडून आल्या, अमेरिकेत निवडून आलेली पहिली ह्मोंग व्यक्ती, आणि ती बाई होती. मग २००२ मध्ये मी मुआ (हे त्यांचं नाव) मिनेसोटाच्या सिनेटमध्ये, राज्याच्या विधिमंडळात पोचलेली देशातली पहिली ह्मोंग व्यक्ती, तीही बाईच. बॉस तेव्हा शाळेत होती. तिच्या वडिलांनी, ज्यांनी घरी कधी मुलींना पुरुषांच्या टेबलावर बसू दिलं नव्हतं, त्यांनी या मी मुआंसाठी दारोदार फिरून मतं मागितली. ती म्हणते त्या दिवसापासून मला कळलं की बाबांना बाईने पुढे जायला हरकत नाहीये, फक्त ती बाई आपल्या घरातली असली की त्यांना काय करायचं ते सुचत नाही. मला माझ्या आजोबांची आठवण आली.

बरं आता जेवण. समोर बसून खायला गेलात तर पहिल्यांदा सॉसेज आणि जांभळा भात घ्या. सॉसेज डुकराचं, गवती चहा आणि आलं घातलेलं, जाडसर कुटलेलं, बाहेरून कडक भाजलेलं. भात काळ्या चिकट तांदळाचा असतो, पांढऱ्यात मिसळून वाफवतात म्हणून तो जांभळा होतो, बोटांनी गोळा करून खायचा. सोबत मिरचीचा ठेचा येतो, कोथिंबीर, मिरची, लिंबू, फिश सॉस, आपल्या ठेच्याची सवय असणाऱ्यांनाही पहिल्या घासाला पाणी लागेल. भरलेले चिकन विंग्ज, म्हणजे हाड काढून आत शेवया आणि खिमा भरतात, हे माझ्या घरात सगळ्यात जास्त संपतं. खाओ पून हे नारळाच्या दुधाचं लाल कालवण शेवयांवर, थंडीत यापेक्षा चांगलं काही नाही. शेवटी ना वा, साबुदाण्याचं नारळाच्या दुधातलं गोड, रंगीत मणी असतात, मुलांना फार आवडतं.

शाकाहारी लोकांनी नीट ऐका. इथे फिश सॉस जवळजवळ सगळ्यात आहे, पपईच्या सॅलडमध्ये वर खेकड्याची किंवा कोळंबीची पेस्टही पडते. पण सॅलड समोर कुटून देतात त्यामुळे आधी सांगितलं तर लिंबू, चिंच, मीठ, साखर, दाणे, मिरची एवढ्यावर करून मिळतं आणि ते अप्रतिम लागतं, आपल्या कोशिंबिरीच्या फार जवळ. खलबत्ता धुवून घ्यायला सांगा, आत्या न कुरकुरता धुतात. एगरोल भाजीचे वेगळे मागवावे लागतात, एक दिवस आधी सांगा. सूप कुठलंच शाकाहारी नाही, विचारू नका.

बाळंतिणीचं चिकन हे मेन्यूवर नाहीये पण मिळतं आणि मला ते या सर्व्हिसमधलं सगळ्यात मोलाचं वाटतं. ह्मोंग बाळंतीण तीस दिवस फक्त गरम भात आणि ताज्या औषधी पाल्यात उकळलेली कोंबडी खाते, थंड काही नाही, गार पाणीसुद्धा नाही. आपल्या सव्वा महिन्यासारखंच. हे तीस दिवस सासू किंवा नवरा रांधतो, पण आता सासूही नोकरी करते, नवराही. आत्या आठवड्याला दोनदा मोठं पातेलं पाठवतात, पाला त्यांच्या बहिणीच्या शेतातला. बॉसने दुसऱ्या बाळाच्या वेळी हे घेतलं आणि ती म्हणाली पहिल्या वेळी मी तिसऱ्या आठवड्यात लॅपटॉप उघडून रडत होते, दुसऱ्या वेळी निदान पोट भरलेलं होतं.

माझ्या दोन ऑर्डरींबद्दल. पहिली ऑफिसच्या पस्तीस जणांच्या लंचची, ४६० डॉलर, त्यात तीन प्रकार, भात आणि शाकाहारी सॅलड वेगळं, आणि एवढं उरलं की लोकांनी डबे भरून नेले. दुसरी माझ्या मुलीच्या वाढदिवसाची. तक्रारी आहेत आणि त्या सांगते. पहिल्या वेळी डिलिव्हरी चाळीस मिनिटं उशिरा आली आणि कोणी फोन उचलला नाही, पस्तीस माणसं भुकेली आणि मी पार्किंगमध्ये उभी, तो अनुभव वाईट होता. नंतर कळलं की सकाळी फ्यूनरल होमच्या ऑर्डरी आधी जातात. ते मला समजतं, पण तसं आधी सांगायला हवं होतं, मी लंच एक वाजता ठेवला असता. पपईचं सॅलड ट्रेमध्ये दोन तासांनी पाणी सोडतं, म्हणून आता मी मसाला वेगळा मागते आणि ऐनवेळी कालवते. ऑर्डर लिहून घेत नाहीत ही मोठी अडचण, वाढदिवसाला भाजीचे एगरोल तीस सांगितले होते, वीस आले. आत्यांनी लगेच पैसे कमी केले आणि वर ‘ना वा’चा ट्रे दिला, पण शाकाहारी पाहुण्यांना दहा एगरोल कमीच पडले. आता त्यांची थोरली मुलगी, कॉलेजात अकाउंटिंग शिकते, तिने टेक्स्टवर ऑर्डर घ्यायला सुरुवात केलीये, त्यामुळे टेक्स्टच करा, फोन नको.

या मुलीशी मी एकदा बोलले. तिला स्टॉल चालवायचाय का विचारलं, तर म्हणाली चालवायचाय, पण आईसारखा पहाटे तीनपासून नाही, मोठं किचन घेऊन, शिफ्ट लावून. आणि लग्न? लग्न करेन, न्या पण होईन, पण बोलणी होतील तेव्हा मी त्याच खोलीत बसणार. ह्मोंग लग्नात दोन्ही बाजूंचे मध्यस्थ टेबलाच्या दोन बाजूंना बसून वधूमूल्य आणि बाकी सगळं ठरवतात, ते मध्यस्थ पुरुष असतात आणि तासन्‌तास चालतं ते. आत्या ऐकत होत्या. म्हणाल्या, बस की, जेवण मी पाठवते.

रेटिंग द्यायचं तर चवीला पाच, प्रमाणाला पाच, वेळेला तीन, आणि बाळंतिणीच्या पातेल्याला मी आकडा देऊ शकत नाही. कामाला जाणाऱ्या कुठल्याही बाईने, ह्मोंग असो की मराठी, घरच्या कार्यासाठी इथून मागवावं असं मला मनापासून वाटतं. मीही या वर्षी सासूबाई इकडे आल्यावर सत्यनारायणाला प्रसाद घरी करणार आणि जेवणातलं शाकाहारी सॅलड आत्यांकडून आणणार, आणि सासूबाईंना ते नवऱ्याने सांगायचं असं ठरलंय.

शनिवारची ऑर्डर असेल तर बुधवारपर्यंत टेक्स्ट करा. गुरुवार संध्याकाळनंतर त्या मयताच्या ऑर्डरी घेतात, तेव्हा दुसऱ्या कोणालाही नाही म्हणतात. थँक्सगिव्हिंगच्या आठवड्यात ह्मोंग न्यू इयर असतं, त्या वेळी महिनाभर आधी सांगितलं तरच मिळेल, माझ्या बॉसच्या नवऱ्याने या वर्षीचं आत्ताच सांगून ठेवलंय.